दोन ठिणग्यांचा दावा



स्मृतिव्याख्यानासाठी मी पेटंटचा विषय घेतला, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु आळंदच्या रस्त्यांवर आपण रोज ज्या मोटारसायकली पाहतो, त्यांच्यापैकी काहींच्या इंजिनातून एक गाजलेला खटला उद्भवला होता.

पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीने जुलै २००२ मध्ये अर्ज केला आणि २००५ साली तिला १९५९०४ क्रमांकाचे पेटंट मिळाले. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण सिलिंडरात एका ठिणगीने पेटते. ज्योत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि मिश्रणात पेट्रोल कमी असेल तर ती अधिकच मंदावते. समोरासमोर दोन स्पार्क प्लग बसविले, तर प्रत्येक ज्योतीला निम्मेच अंतर कापावे लागते. पेटंटातील दावा ४५ ते ७० मिलिमीटर व्यासाच्या, दोन व्हॉल्व्हच्या लहान सिलिंडरांपुरता होता.

२००७ च्या अखेरीस टीव्हीएसने दोन प्लगांची ‘फ्लेम’ आणली. होंडाच्या जुन्या अमेरिकी पेटंटात दोन प्लग आहेतच, व्यास कमी केला यात शोध तो कसला, असा त्यांचा सवाल; शिवाय आमचे व्हॉल्व्ह तीन, हेही होते.

आपला १९७० चा कायदा इतर अटींबरोबर हेही मागतो, की त्या विषयातील जाणकाराला ती गोष्ट सहज सुचू नये. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने भांडी लेथवर घट्ट धरण्याच्या एका युक्तीचे पेटंट रद्दच ठरविले होते. जुन्या तत्त्वाला कारखान्यातील किरकोळ सुधारणा जोडली, एवढ्याने शोध होत नाही, असे त्याचे तात्पर्य. हा दंडक मला योग्य वाटतो. नाही तर प्रत्येक फिटरने पाना उचलण्यापूर्वी वकील गाठावा! मात्र कोडे सुटल्यावर ते सोपेच दिसते, हेही परीक्षकाने विसरू नये. विमानाच्या इंजिनांत दोन प्लग फार पूर्वीपासून होते. पण लहान सिलिंडरात ज्योतीला मुळातच थोडे अंतर जायचे असते, मग तेथे दुसरा प्लग कोणाला का सुचावा? म्हणून माझे मत बजाजकडे किंचित झुकते.

मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी फेब्रुवारी २००८ मध्ये टीव्हीएसला अंतरिम मनाई केली; मे २००९ मध्ये खंडपीठाने ती उठविली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिशेब ठेवण्याच्या अटीवर विक्रीस मुभा दिली आणि खटला त्वरेने निकाली काढण्यास सांगितले. पुढे २०१९ साली दोन्ही कंपन्यांनी आपसांत तडजोड केली. मूळ प्रश्नावर अंतिम निकाल झालाच नाही.