मागच्या चाकांची पकड

गाडी झपकन सुटते तेव्हा वजनाचा भार मागे सरकतो. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या स्पोर्ट्स कारला म्हणूनच मागे रुंद टायर लागतात. पोर्शे ९११ करेरा एसच्या ९९२ पिढीत पुढचे टायर २४५ मिलिमीटर रुंद, तर मागचे तब्बल ३०५.

पण नुसती रुंदी पुरत नाही, रबरही पाहावं लागतं. टायरच्या कडेवर ‘ट्रेडवेअर’ आकडा असेल, तर तो जितका कमी तितकं रबर साधारणपणे मऊ, पकड जास्त आणि झीजही जास्त. शर्यतीच्या ट्रॅकसाठी बनवलेले टायर या मापात खालच्या टोकाला असतात. त्यांच्या खाचा उथळ, त्यामुळे साचलेल्या पाण्यावर ते लवकर तरंगतात.

मराठवाड्यातल्या हदगावातून जाणाऱ्या तुळजापूर–नागपूर महामार्गाच्या परिसरात हा मुद्दा फार मोलाचा. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून शेतातली काळी माती रस्त्यावर येते आणि भिजली की तिचा निसरडा थर होतो. त्यावर महागातलं मऊ रबरही हतबल. इथे खोल खाचांचा, ओल्या रस्त्यासाठीही बनवलेला परफॉर्मन्स टायरच घ्यावा.

मागची जोडी एकाच मॉडेलची हवी. वेगाचं अक्षरही तपासावं: ‘डब्ल्यू’ म्हणजे ताशी २७० किलोमीटर, ‘वाय’ म्हणजे ३००. कडेवरचा ‘२३२४’ हा आकडा २०२४च्या तेविसाव्या आठवड्यातलं उत्पादन सांगतो. हवा मात्र टायर थंड असतानाच मोजावी. मराठवाड्याच्या उन्हात चाललेल्या टायरमधला दाब फुगलेला दिसतो.