शाळा मुलांकडे जाते

दिवाळीच्या सुमाराला भवानीनगरच्या छत्रपती साखर कारखान्याचा हंगाम सुरू होतो. नीरेच्या डाव्या कालव्यावर पिकलेला ऊस तोडायचा असतो. मग बीड, जालना, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून टोळ्या येतात. माळावर कोपी उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक तोडतो, एक मोळी बांधते. आणि त्यांच्याबरोबर पोरं येतात.

समजा, त्यांत तिसरीतली एक पोर आहे. तिचे नाव गावाकडच्या हजेरीपटावर आहे, आणि ती इथे कोपीपुढे धाकट्या भावाला घेऊन बसली आहे. पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने जातील. तोवर वर्गातली मुले पुढे गेलेली असतील. परत गेल्यावर तिला धडा कळणार नाही. कळत नाही म्हणून ती बसणार नाही. एक दिवस तिच्याही हातात कोयता येईल.

अशा पोरीसाठी मास्तरांनी काय करावे?

आपल्याला वाटते, शाळा म्हणजे इमारत, घंटा आणि फळा. मुलाने तिथे जायचे. न आले तर दोष मुलाचा, नाहीतर आईबापाचा. पण काही शिक्षकांनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेनेच मुलाकडे का जाऊ नये?

असा विचार करणाऱ्या एक बाई आपल्या बारामती तालुक्यातल्याच होत्या. त्यांचे नाव अनुताई वाघ. १९१० साली त्यांचा जन्म मोरगावला झाला. होय, मोरेश्वराचे मोरगाव. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि सहा महिन्यांत नवरा वारला. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य चुलीपाशीच संपायचे. पण अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. बोर्डी हे डहाणू तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. तिथे ताराबाई मोडक यांनी लहान मुलांसाठी काम सुरू केले होते. ताराबाई आधी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम करत होत्या. (हे भावनगर गुजरातमधले. आपले भवानीनगर वेगळे बरं का!)

पुढे १९५७ साली या दोघींचे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली मुले वारल्यांची. घरची गुरे राखायची, लहान भावंडे सांभाळायची, मग शाळेत यायला सवड कुठली? म्हणून बाईच निघाल्या. मुले अंगणात असतील तर अंगणात शाळा. आज गावोगावी जी अंगणवाडी आहे, ती कल्पना या दोघींच्या कामातली. आणि मुले गुरांमागे कुरणात असतील तर शाळाही कुरणात. गुरे चरताहेत आणि झाडाखाली मुले शिकताहेत, अशी ही कुरणशाळा.

कुरणात फळा नाही, बाक नाहीत, महागडी खेळणी नाहीत. मग शिकवायचे कशाने? जे हाताशी आहे त्याने. खडे, बिया, पाने, शिंपले. मुलाने ते हातात घ्यायचे, मोजायचे, रांगेत लावायचे. पाढा नुसता घोकला तर विसरतो. हातांनी केलेले मात्र डोक्यात राहते.

हे आपल्याकडेही करून बघता येते. दहा कांड्यांची एक मोळी बांधा. मोळी म्हणजे दशक, सुटी कांडी म्हणजे एकक. तीन मोळ्या आणि चार कांड्या म्हणजे किती? चौतीस. आता त्यातून सात कांड्या काढा बघू. चारातून सात निघत नाहीत, म्हणून पोर एक मोळी सोडते. हातचा घेणे म्हणजे काय, ते तिला तिथेच कळते. बोटांवर गणित घालणाऱ्या आपल्यासारख्या मोठ्या माणसांनीही हे करून पाहावे!

म्हणून शाळेत गेलात आणि मुले जमिनीवर चित्रे-आकडे आखून त्यांच्याभोवती बसलेली दिसली, बडबड करताना दिसली, तर चिडू नका. "पोरं नुसती खेळतात," असे पुष्कळ आईबाप म्हणतात. त्या खेळात काय चालले आहे, ते पाच मिनिटे उभे राहून बघा.

आता दुसऱ्या एका शिक्षकांची गोष्ट. हे आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले. रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ साली माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेवर आले. शाळा कशी, तर मोडकळलेली, एका बाजूला गोठा आणि दुसऱ्या बाजूला कोठार. गुरुजींनी धडे आणि कविता आवाजात, चित्रात तयार केल्या आणि पुस्तकाच्या पानावर एक ठिपक्यांचा चौकोन चिकटवला. फोन त्या चौकोनावर धरला की धडा बोलू लागतो. पुढे राज्याच्या सगळ्या पाठ्यपुस्तकांत असे चौकोन आले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. बक्षीस दहा लाख डॉलरचे. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी शेवटच्या फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली.

हा चौकोन तुम्ही पाहिलेला आहे. किराणा दुकानात पैसे देताना लोक फोन धरतात ना, तोच. त्याला क्यूआर कोड म्हणतात. १९९४ साली जपानमध्ये मोटारींचे सुटे भाग ओळखण्यासाठी तो काढला. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत एक पत्ता लिहिलेला असतो. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन फोनला सांगतात की वरची बाजू कुठली. म्हणून फोन तिरका धरला तरी चालतो. थोडा डाग पडला तरी बहुधा वाचता येतो. (जाता जाता एक. आपल्याला पैसे मिळायचे असतील तर चौकोनावर फोन धरून पिन घालावा लागत नाही. तसे कोणी सांगितले तर तो ठकवतो आहे.)

पुस्तकातल्या चौकोनासाठी 'दीक्षा' नावाचे सरकारी ॲप फोनमध्ये घ्यावे लागते. धडा एकदा उतरवून घेतला की पुढे नेट नसले तरी चालतो. कोपीवर हे फार उपयोगाचे. रविवारी बाजाराच्या गावी नेट मिळते, तेव्हा आठवड्याचे धडे उतरवून घ्यावेत.

पण आमचे स्पष्ट मत सांगतो. कोपीत फोन एकच असतो, आणि तो दिवसभर बापाबरोबर फडात असतो. शिवाय फोन धडा सांगतो, पण पोरीला कळले की नाही, हे विचारत नाही. तिचा पडलेला चेहरा त्याला दिसत नाही. तिथे बाईच लागतात, गुरुजीच लागतात. म्हणून फोनवर भागवून पोरीला कोपीत ठेवू नका. जवळच्या शाळेत घाला.

तिला तो हक्क आहे. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्येही शाळेत घ्यावे लागते, तेही वयाप्रमाणे वर्गात. दाखला यायचा आहे, जन्माचा कागद नाही, अशा कारणाने परत पाठवता येत नाही. फी नाही.

टोळी निघण्याआधी गावच्या मुख्याध्यापकांना सांगावे, "आम्ही अमुक कारखान्यावर चाललो." त्यांच्याकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्यावे. पोर कितवीत आहे आणि काय शिकली आहे, ते त्यावर लिहिलेले असते. इथे आल्यावर ते जिल्हा परिषदेच्या जवळच्या शाळेत दाखवावे. कोपी शाळेपासून लांब असेल, तर शिक्षकांना कोपीवर बोलवावे. आणि पट्टा पडला, गाडी भरली, की निघायच्या आदल्या दिवशी पोरीला शाळेत न्यावे. इथे काय काय झाले ते बाईंकडून कागदावर लिहून घ्यावे, आणि तो कागद तिच्या दप्तरात ठेवावा.