छत्तीस फोटो आणि आमचा महाल

"आमच्याकडे फिल्मवाले येणार आहेत," एवढंच मी शेजारी बोलले आणि दुपारपर्यंत सगळ्या गल्लीत गवगवा झाला. नागपुरात 'झुंड'चं शूटिंग झालं तेव्हापासून फिल्म म्हटलं की आमच्याकडे थेट नागराज मंजुळेच आठवतात. समोरच्या आजींनी तर विचारलंच, "काहून वं, अमिताभ उतरून राहिला का तुह्या घरी?"

संध्याकाळी ऑटोतून उतरले ते तीन पोट्टे. दोन मुलं पुण्याची, एक मुलगी बंगळूरची, तिघंही माझ्या भाचीच्या ओळखीचे. गळ्यात जुने, जड कॅमेरे. आमच्या लग्नात स्टुडिओवाले काका आणायचे ना, अगदी तसले! आजी तोंड फिरवून आत गेल्या.

तर ही मंडळी 'फिल्म'वाली म्हणजे रोलवर फोटो काढणारी. मोबाईलमध्ये हजार फोटो मावतात, तरी ही मुलं मुद्दाम रोलचा कॅमेरा वापरतात. एका रोलमध्ये फोटो छत्तीस. काढलेला लगेच दिसत नाही, पुसता येत नाही. रोल धुऊन आला की मगच कळतं काय आलं आणि काय बिघडलं. मला हसूच आलं. मैत्रिणींनो, आपण तर यातूनच आलोय की! रामटेकच्या सहलीला एक रोल, त्यात "आता पाचच उरले हं" अशी सारखी ताकीद. उरलेला रोल तसाच कॅमेऱ्यात ठेवायचा. मग धुऊन आणला की राखी, दिवाळी आणि कुणाचं तरी बारसं एकाच पाकिटात! उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे 'इंदू' नावाचे कृष्णधवल रोलही एके काळी आपल्याकडे मिळायचे. तो कारखाना आता बंद पडला. कोडॅकने 'कोडाक्रोम' हा प्रसिद्ध रंगीत रोल २००९ साली बंद केला, तेव्हा शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरी या छायाचित्रकाराच्या हाती दिला. त्यातले काही फोटो त्यांनी मुद्दाम भारतात येऊन काढले. त्यांच्याकडेही छत्तीसच होते.

आता एक रोल हजाराच्या आसपास पडतो, धुण्याचे पैसे वेगळे. मी आपला गृहिणीचा हिशेब केला. म्हणजे एकदा बटण दाबलं की एक प्लेट तर्री पोहे गेले! असं मोजूनमापून खर्च करणारं माणूस मला लगेच आपलं वाटतं.

तरी त्यांना घेऊन बाहेर पडण्याआधी मी चहा देता देता एक अट घातली. माणसाला विचारल्याशिवाय कॅमेरा डोळ्याला लावायचा नाही.

त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी बाहेरगावचा एक फोटोग्राफर आमच्या भागात फिरून गेला होता. आमच्या बचत गटातली एक बाई दारात बसून भांडी घासत होती. पदर खोचलेला, केस विस्कटलेले. त्याने लांबून फोटो काढला. पुढे तो कुठल्याशा प्रदर्शनात लागला आणि फिरत फिरत तिच्या जावयाच्या मोबाईलवर आला. खाली लिहिलं होतं, 'गरिबीचा चेहरा'. मैत्रिणींनो, ही बाई शिवणकामावर दोन मुली शिकवणारी! ती मला म्हणाली, "ताई, मी गरीब आहे हे त्याले कोनं सांगितलं? मले तर त्यानं काही विचारलंच नाही." तिच्या घरात पंधरा दिवस अबोला होता. तेव्हापासून तिने लग्नाकार्यातही फोटोत उभं राहणं सोडलं.

ही गोष्ट ऐकून तिघंही गप्प झाले. मग मुलगी म्हणाली, "काकू, आम्ही विचारूनच काढू. आमच्याकडे तसेही छत्तीसच आहेत." मला ती तिथेच आवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघालो. थंडीतलं ऊन कोवळं असतं, आणि दुकानं उघडायच्या आत महाल नीट दिसतो. सुरुवात गांधी गेटपासून. याचं जुनं नाव जुम्मा दरवाजा किंवा शुक्रवार दरवाजा. भोसल्यांच्या काळातल्या या दगडी कमानीखालून शाळेच्या रिक्षा, दूधवाले आणि आम्ही रोज जातो, पण मान वर करून कोणी बघत नाही. मुलं मात्र वीस मिनिटं नुसती बघत उभी राहिली आणि मग एकच फोटो काढला. बाजूलाच शुक्रवारी तलाव, म्हणजे गांधीसागर. तो गोंड राजा चांद सुलतानच्या काळातला. नागपूर म्हटलं की लोक भोसल्यांपासून सुरू करतात, पण बारा खेडी एकत्र करून १७०२ साली हे शहर वसवलं ते गोंड राजा बख्त बुलंद शहाने. हे पाहुण्यांना आधी सांगायचं, असा माझा नियमच आहे. रघूजी भोसल्यांनी इथे राजधानी केली ती त्यानंतर.

मग वाड्यांच्या गल्ल्या. भोसल्यांचा काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामाचा मोठा राजवाडा १८६४ साली आगीत गेला. आज आहे तो भोसले वाडा बघायचा, आणि त्याहून जास्त बघायची ती आजूबाजूची साध्या लोकांची जुनी घरं. लाकडी खांब, वर माडी, दारावर गणेशपट्टी. एक वाडा उतरला की तिथे चार मजले उभे राहतात. कुणाला दोष देणार? भावाभावांत वाटण्या होतात, छप्पर गळतं, दुरुस्तीला पैसा नसतो. आमचा स्वतःचा वाडा असाच गेला. सासूबाईंच्या तुळशीवृंदावनाचा एकच फोटो आमच्याकडे आहे, तोही रोल संपवायचा म्हणून काढलेला. आज आमच्या घरात त्याच्याइतकी किमती वस्तू नाही. मुलांना मी म्हटलं, "दरवाजे काढा, जिने काढा, कोनाडे काढा. माणसं तर स्वतःचे फोटो काढून घेतात, कोनाड्यांचे कोण काढतं?"

गल्ल्यांत ऊन कमी, त्यामुळे चारशेचा, म्हणजे कमी उजेडात चालणारा रोल त्यांनी घातला होता. डोक्यावर विजेच्या तारांचं जाळं बघून मला लाज वाटत होती. पण ते म्हणाले, कृष्णधवलमध्ये हेच छान दिसतं. असेलही बाई! महालात एक काळजी मात्र घ्यावी लागते. इथे संघाचं मुख्यालय आहे, तिथे कायम पोलीस बंदोबस्त असतो. त्या बाजूला कॅमेरा पिशवीत ठेवायचा, वाद घालायचा नाही.

बडकस चौकात तर्री पोहे झाले. तर्रीने पुणेकरांचे डोळे भरून आले, पण दोघांनीही प्लेट पुसून खाल्ली. जेवायला घरी सांबारवडी केली होती. मुलगी वडीकडे बघून विचारते, "काकू, यात सांबार कुठे आहे?" तिला सांगितलं, बाळा, आमच्याकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात! जाताना डब्यात संत्रा बर्फी दिली, ती वेगळी.

दुपारी चितारओळ. गणपती, देवी घडवणाऱ्या कारागिरांची ही ओळ. महालात मेट्रो नाही, पण सेंट्रल अव्हेन्यूवरची मेट्रो इथून जवळ आहे. बाहेरून येणाऱ्यांना ती सोयीची. संक्रांत तोंडावर होती म्हणून जुनी शुक्रवारीतली पतंगांची दुकानं दाखवली. मुलगी एका पतंगवाल्या चाचांशी अर्धा तास बोलली आणि मग त्यांनीच विचारलं, "बेटी, फोटो नाही काढत?" अशी परवानगी मिळाली की समोरच्याचा चेहराच वेगळा उमलतो. तो फोटो कसा येणार हे मला कॅमेऱ्याशिवायही दिसलं.

खरं सांगते, त्या दुकानासमोर माझं मन भरून आलं. १७ मार्च २०२५ ला आमच्या महालात दंगल झाली. संचारबंदी लागली. टीव्हीवर दिवसभर तेच, जळलेल्या गाड्या आणि दगडांचा खच. नाशिकहून, सुरतेहून नातेवाइकांचे फोन, "तिथं कसे राहता गं तुम्ही?" ते घडलं हे खरंच आहे, मी ते झाकणार नाही. आम्ही कित्येक रात्री झोपलो नाही. पण नंतर दूधवाला आला, शाळा भरल्या, पतंगवाले चाचा दुकानात बसले, बचत गटाची मीटिंग झाली, त्याचा फोटो काढायला कोणी आलं नाही. गावाचा एकच फोटो लोकांच्या डोक्यात बसला की तो पुसायला किती जन्म जातील? म्हणून या मुलांसाठी मी दोन दिवस चपला झिजवल्या. पाहुणचाराइतकाच त्यात माझा स्वार्थ होता.

दुसरा दिवस महालाबाहेरचा. सीताबर्डीजवळ झिरो माईल. इंग्रजांच्या काळातल्या सर्वेक्षणाचा दगडी खांब आणि शेजारी चार घोडे. १८१७ च्या नोव्हेंबरात भोसले आणि इंग्रजांची लढाई झाली तो सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. सामान्य माणसाला तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच बघायला मिळतो, तेव्हा तारीख बघून या. मग दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली, तिथे मुलांनी बराच वेळ कॅमेरे काढलेच नाहीत. नुसते बसून राहिले.

ज्यांना पुढे यायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. मे महिन्यात नागपूर पंचेचाळीसच्या वर जातं. तापलेल्या गाडीत रोल ठेवला तर खराब होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि वापरायच्या तास-दोन तास आधी बाहेर काढा, नाहीतर ओल धरते. विमानाने येत असाल तर तपासणीत रोल यंत्रातून न घालता हाताने बघायची विनंती करा, हे त्या मुलांनी मला शिकवलं. आणि जमलं तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या. त्या दिवशी आमची मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. रोगराई, इडापिडा घेऊन जा, अशा आरोळ्या देत लोक त्या अक्राळविक्राळ पुतळ्यांना शहराबाहेर नेऊन जाळतात. सोबत बडग्यांची सोंगं, त्यात महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा समाचार! अख्ख्या जगात दुसरीकडे असं नाही, असं आम्ही नागपूरकर छातीठोक सांगतो.

निघायच्या दिवशी सकाळी ती मुलं आमच्या बचत गटात आली. बायका आधी लाजल्या, मग एकीने कपाटातली साडी नेसून येते म्हणून सांगितलं, दुसरीने हिशेबाची वही हातात घेतली. "आमचे पैसे आमीच मोजतो, ते दिसू द्या." कोण कशी उभी राहणार हे ज्याची तीच ठरवत होती. ती शिवणकामवाली कोपऱ्यात मशीनवर बसून होती. मुलीने तिला विचारलं, तिने मान हलवली, नाही. मुलीने "बरं" म्हटलं आणि तिच्याजवळ बसून काजं कशी करतात ते बघत राहिली. कॅमेरा मांडीवर, तसाच बंद.

सामान ऑटोत ठेवलं तेव्हा ती धावत बाहेर आली. हातात तिने शिवलेलं, पूर्ण झालेलं ब्लाऊज. "पोरी, हे घेऊन उभी राहते. काढ आता." मुलीने कॅमेरा उचलला, अंगठ्याने कळ ओढली, ती हललीच नाही. रोल संपला होता. पिशवीतले सगळे रोल संपले होते. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मोबाईल पुढे केला तर आमची बाई म्हणते, "नाही बाप्पा, तुह्या त्याच कॅमेऱ्यानं काढ. मारबतीले येशील ना?"

महिनाभराने टपालाने फोटोंचं पाकीट आलं. गांधी गेट, पतंगवाले चाचा, हिशेबाची वही, आमच्या गल्लीतला एक कोनाडा. समोरच्या आजींना त्यांचा फोटो दिला तर म्हणाल्या, "अमिताभपेक्षा मीच बरी दिसून राहिली."

मैत्रिणींनो, तुमच्याही गावाला वेस असेल, तलाव असेल, एखादा पडायला आलेला वाडा असेल. तुमच्याकडे छत्तीसच फोटो आहेत असं समजा आणि एका कागदावर यादी करा. काय काय घ्याल? आणि विचाराल कुणाला?

आमची बाई भाद्रपदाची वाट पाहते आहे. कुठली साडी नेसायची हे तिने ठरवून ठेवलंय, फक्त मला सांगत नाही.