नदीची पट्टी काय सांगते?

सुटीच्या दिवशीं पहाटेस चेंबूरहून निघून कोलाडला जाणारे आणि कुंडलिकेच्या खळाळत्या पाण्यांत होडी घालणारे तरुण आतां आपल्या शेजारांत पुष्कळ आहेत. त्यांना व त्यांच्या वडीलधाऱ्यांना मला आज एक गोष्ट सांगावयाची आहे : नदीच्या पट्टीवरील आंकडा म्हणजे पाण्याची खोली नव्हे.

कोलाडजवळ डोलवहाळ बंधाऱ्यावर इशाऱ्याची पातळी २३ मीटर व धोक्याची २३.९५ मीटर ठरविलेली आहे. म्हणून तेथें पंचाहत्तर फूट पाणी असतें असें कोणी समजूं नये. पट्टीचें शून्य नदीच्या तळाशींच असतें असें नाहीं; तें सोयीनें, पुष्कळदां समुद्रसपाटीवरून, ठरवितात. सांगलीस आयर्विन पुलापाशीं कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, तर कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची ४३ फूट आहे. एवढ्यावरून कोणती नदी अधिक भयंकर हें ठरवितां येत नाहीं. शिवाय ही पातळी कांठच्या वस्तीसाठीं असते, होडीसाठीं नव्हे. तिच्या पुष्कळ खालींही होडी उलटूं शकते.

मग होडीवाल्यानें पाहावें काय? पहिली गोष्ट विसर्ग. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदास एक घनफूट, सुमारें २८ लिटर, पाणी. रुंद पात्रांत पातळी फूटभर चढण्यास जितकें पाणी लागतें, त्याच्या थोड्या अंशानेंच अरुंद घळ भरते. आणि वेग दुप्पट झाला कीं पाण्याचा रेटा चौपट होतो. दुसरी गोष्ट कल. तासापूर्वीचा आंकडा काय होता, हें विचारावें. चढतें पाणी ओंडके वाहून आणतें, खडक झांकतें आणि कांठाशीं थांबावयाच्या जागा बुडवितें.

कुंडलिकेंत हा कल पावसावांचूनही पालटतो. मुळशी धरणाचें पाणी सह्याद्रि उतरून भिऱ्याच्या वीजगृहांत येतें, १९२७ सालापासून तेथील यंत्रें फिरवितें आणि मग या नदीस मिळतें. म्हणून ऐन उन्हाळ्यांत, आकाश निरभ्र असतांही, वीजगृहांतून पाणी सुटलें म्हणजे नदी चढते.

तेव्हां होडी पाण्यांत लोटण्यापूर्वीं तेथील जाणत्या नावाड्यास तीन प्रश्न विचारा : आज पाणी किती सुटलें, तें चढत आहे कीं उतरत, आणि किती पाण्यावर तुम्ही स्वतः होडी काढीत नाहीं? उत्तर समाधानकारक नसेल, तर तो दिवस कांठावर बसून नदी पाहण्यांत घालवावा.