धावपट्टी कुणाच्या नावावर?

तुम्ही आज वीस वर्षांचे असाल, तर २१०४ साली तुमची नातवंडं चाळिशीत असतील. तुमच्या जिल्ह्यातल्या विमानतळाची जमीन कुणाच्या ताब्यात राहणार, हे तोपर्यंतसाठी आत्ताच ठरवून टाकलं तर? सायफाय वाटतं ना? पण असा करार आपल्याकडे खरंच झालाय.

२००९ मध्ये आपल्या एमआयडीसीने नांदेड, लातूर, यवतमाळ, बारामती आणि तेव्हाचं उस्मानाबाद असे पाच विमानतळ रिलायन्स एअरपोर्ट डेव्हलपर्स या खासगी कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. सरकारकडे पैसा आणि अनुभव कमी, म्हणून खासगी कंपनी येईल, विमानतळ वाढवेल, गावाचं भलं होईल, असा हिशेब होता. तो जमला नाही. नियमित विमानसेवा टिकत नाही, देखभाल होत नाही, अशी ओरड वर्षानुवर्षं चालू राहिली. छोट्या शहरांत पुरेसे प्रवासी मिळत नाहीत, ही अडचणही खरीच. शेवटी हे विमानतळ परत घेण्यासाठी राज्य सरकारलाच हालचाल करावी लागली. मधली दीड दशकं गेली, ती काही परत येणार नाहीत.

मग चूक कुणाची? कंपनीची की सरकारची? या भांडणात पडण्याआधी करार या गोष्टीकडेच जरा नीट बघूया.

भाड्याच्या खोलीचा नियम

तुम्ही होस्टेल सोडून खोली घेता, तेव्हा अकरा महिन्यांचा करार करता. भाडं किती, कधी वाढणार, खोली कधी सोडायची, सगळं त्यात लिहिलेलं असतं. विमानतळाच्या जमिनीचा करारही मुळात असाच. फक्त इथे घरमालक आपण सगळे असतो आणि आपल्याला कुणी विचारत नाही!

एमआयडीसी कारखान्याचा प्लॉटही ९५ वर्षांसाठीच देते. पण प्लॉट घेतला की ठरलेल्या मुदतीत बांधकाम करावं लागतं, नाहीतर तो परत घेता येतो. विमानतळाला हा नियम जास्तच कडक हवा. कारखाना बंद पडला तर शेजारच्या प्लॉटवर दुसरा येऊ शकतो. धावपट्टी मात्र जिल्ह्यात बहुधा एकच असते. ती अडकली की अख्खा जिल्हा अडकला.

आणि जमीन महत्त्वाची का? दिवसाला एक-दोन विमानं उतरणाऱ्या विमानतळाचं पोट तिकिटांवर भरत नाही. विमान एक असो की दहा, अग्निशमन दल लागतंच, सुरक्षा लागतेच. हा खर्च काढायचा कुठून? बाजूच्या जमिनीतून. हँगर, पायलट ट्रेनिंग, विमानदुरुस्ती, फळं-भाज्यांसाठी शीतगृह, एखादं हॉटेल. यातली बहुतेक कामं म्हणजे तुमच्या-माझ्या गावातल्या नोकऱ्या.

डेन्व्हरने काय केलं?

अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराचा विमानतळ महापालिकेच्याच मालकीचा आहे. जागा सुमारे १३७ चौरस किलोमीटर, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या मुंबई शहराच्या जवळजवळ दुप्पट! ही जमीन शेजारच्या अ‍ॅडम्स काउंटीकडून आलेली. त्यामुळे तिथे विमानतळाशी संबंध नसलेले उद्योग किती उभारायचे, यावर १९८८ च्या करारातच मर्यादा घातली होती. पुढे शहराला ती जमीन विकसित करायची होती. मग वाटाघाटी झाल्या आणि २०१५ मध्ये दोन्हीकडच्या मतदारांनी मतदान करून बदल मंजूर केला. १,५०० एकर जागा अशा विकासासाठी मोकळी झाली, आणि त्यातून येणाऱ्या करात शेजाऱ्यालाही वाटा मिळाला.

तिथला आणखी एक नियम लक्षात ठेवा. केंद्र सरकारचं अनुदान घेणाऱ्या विमानतळाने त्याचं उत्पन्न विमानतळाच्याच कामाला लावायचं असतं. जमिनीच्या भाड्यातून शहराचे रस्ते किंवा पुतळे करायचे नाहीत. आणि इतर धंद्यांना जागा देताना बाजारभावानेच भाडं घ्यायचं.

वेग हवाच, पण कसला?

आपल्याकडे विमानतळाचा परवाना डीजीसीए देणार, सुरक्षेची मंजुरी वेगळं खातं देणार, आसपासच्या इमारतींच्या उंचीला विमानतळ प्राधिकरण ना-हरकत देणार, आणि जमीन एमआयडीसीची. एका सहीसाठी फाइल फिरत राहते. म्हणून ‘प्रक्रिया सोपी करा’ ही मागणी अगदी रास्त आहे. पण सोपी करणं म्हणजे डोळे मिटून सही करणं नव्हे. पाचही विमानतळ एकाच कंपनीला देऊन टाकणं सोपंच होतं की!

खरी सोपी पद्धत म्हणजे नियम आधीच छापून ठेवायचे. कुठली जागा कशासाठी, किती वर्षं, किती भाडं, दर किती वर्षांनी वाढ, किती दिवसांत काम सुरू, नाही केलं तर जागा परत कशी घ्यायची. हे सगळ्यांना आधीच माहीत असेल, तर छोटा उद्योजकही अर्ज करेल आणि अधिकाऱ्याला प्रत्येक वेळी नव्याने डोकं खाजवावं लागणार नाही. वेळ वाचतो तो इथे.

तुम्ही काय करू शकता?

कायदा, कॉमर्स, सिव्हिल, पत्रकारिता, काहीही शिकत असा. हा प्रोजेक्टचा भारी विषय आहे. तुमच्या जिल्ह्यातल्या धावपट्टीचा करार माहिती अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक असतं. करार हातात आला की चारच गोष्टी शोधा : मुदत, भाडं, कामाची तारीख आणि परत घेण्याचं कलम. चौथी गोष्ट सापडली नाही, तर तेवढ्यावरच तुमच्या आमदारांना पत्र लिहा.

पुढचे करार आता होतील. त्यावर सही करणारे लवकरच निवृत्त होतील. भाडेपट्ट्याची वर्षं मात्र तुम्हाला मोजायची आहेत.