स्प्रिंगची कुरकुर

मॅगझीन काढलेले, चेंबर डोळ्यांनी पाहून आणि बोट लावून रिकामे असल्याची खात्री केलेली, नळी सुरक्षित दिशेला. एवढे झाल्यावर १९११ जातीच्या पिस्तुलाची स्लाइड सावकाश मागे ओढावी. बऱ्याचदा आतून खरखर ऐकू येते आणि स्लाइड पुढे गेल्यावर तिच्यामागे बारीकशी किणकिण. पिस्तूल जुने झाले की असे व्हायचेच, असे म्हणून पुष्कळ जण तिकडे दुर्लक्ष करतात. पण नव्या कोऱ्या पिस्तुलातही हा आवाज येतो. तो नळीखालच्या रिकॉइल स्प्रिंगचा असतो, आणि तिचा कोणता वेढा कुठे घासतो आहे याची चोख खबर देतो. म्हणून तो घालवायचा तर आधी नीट ऐकायला हवा.

ही स्प्रिंग ठेवायची कुठे, हा प्रश्न जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) याने वेगवेगळ्या तऱ्हांनी सोडवून पाहिला. अमेरिकेत युटामधल्या ऑग्डेन गावी, बंदुका घडवणाऱ्या वडिलांच्या कारखान्यात तो तयार झाला. बेल्जियमच्या एफएन कंपनीने काढलेल्या त्याच्या १९०० च्या पिस्तुलात स्प्रिंग नळीच्या वर होती आणि तीच काडतुसावर आघात करणाऱ्या स्ट्रायकरलाही जोर देत असे. १९१० च्या नमुन्यात ती थेट नळीभोवती बसवली. अमेरिकी सैन्यासाठी केलेल्या .४५ च्या पिस्तुलात मात्र तिला नळीखाली, बोगद्यासारख्या जागेत घर मिळाले. मार्च १९११ मधल्या चाचणीत या पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या. तापले की पाण्यात बुडवायचे आणि पुन्हा सुरू करायचे. ते एकदाही अडकले नाही. २९ मार्च १९११ रोजी सैन्याने ते स्वीकारले, त्यावरून त्याला १९११ हे नाव पडले, आणि १९८५ मध्ये नवे पिस्तूल निवडले जाईपर्यंत तेच त्यांचे प्रमाण पिस्तूल होते.

स्प्रिंगचे काम सांगायला सोपे, निभवायला अवघड. सुमारे १५ ग्रॅमची गोळी सेकंदाला २५० मीटरच्या आसपास वेगाने पुढे सुटते. तिच्या धक्क्याने नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकलेल्या अवस्थेतच थोड्या मागे येतात. मग नळीचा मागचा भाग खाली झुकतो, खाचा सुटतात आणि स्लाइड एकटीच मागे धावते. रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. या धावेचा जोर स्प्रिंग दाबली जाता जाता पोटात साठवते आणि त्याच जोरावर स्लाइड पुढे ढकलते. वाटेत मॅगझीनमधले नवे काडतूस चेंबरमध्ये सारले जाते. हे सगळे डोळ्याचे पाते लवायच्या आत. पाच इंची नळीच्या पिस्तुलात साधारणपणे १६ पौंडी स्प्रिंग असते, म्हणजे स्लाइड पूर्ण मागे असताना तिचा जोर सुमारे सव्वासात किलोचा.

खरखरीचे मूळ तिच्या अंगकाठीत आहे. मोकळी असताना ती सुमारे साडेसहा इंच लांब भरते आणि जाडीला अर्ध्या इंचाहूनही कमी. इतकी लांब आणि सडपातळ स्प्रिंग दाबली की सरळ राहत नाही, कमरेत वाकते. मूळ रचनेतला गाइड, म्हणजे स्प्रिंगच्या आत बसणारा दांडा, आखूड आहे. तो मागचे थोडेच वेढे आतून धरतो. पुढचे वेढे टोपणासारख्या प्लगमध्ये असतात, आणि मधले वाकून जिथे टेकायला मिळेल तिथे टेकतात. शिवाय स्प्रिंग दाबली की तिचा घेर किंचित वाढतो आणि तिची दोन टोके उलट दिशांना पीळ घेऊ पाहतात. टेकलेला वेढा क्षणभर अडतो, ताण वाढला की सुटतो, पुढचा वेढा अडतो. अशा अनेक बारीक अटकावांची लागोपाठ सुटका झाली की कानाला सलग खरखर ऐकू येते. नंतरची किणकिण वेगळी: स्लाइड थांबली तरी स्प्रिंगच्या वेढ्यांतून कंपनाची लाट मागेपुढे फिरत राहते, ती तिची.

पिस्तूल उघडून गाइड दिव्याखाली बोटांत फिरवला तर पुरावा हाती लागतो. घर्षण असेल तिथे एका अंगाला चकचकीत पट्टा उमटलेला दिसतो. पट्टा रुंद आणि गुळगुळीत असेल तर वेढे नुसते टेकताहेत. बारीक, खोल ओरखडा असेल तर तो बहुतेक वेळा तारेच्या कापलेल्या टोकाचा. त्या टोकावरून नख फिरवावे. बर, म्हणजे कापताना राहिलेली खरबरीत कड, असेल तर नख अडते.

गोळी झाडताना यातले काहीच ऐकू येत नाही. पिस्तुलाचा बार दीडशे डेसिबलच्या पुढे जातो, कानाला संरक्षण लागतेच. मग या कुरकुरीची फिकीर कशाला? कारण घर्षणाने खाल्लेला जोर स्लाइडच्या वाट्याचा असतो. तो किती खाल्ला जाईल हे दर वेळी सारखे नसते, आणि स्लाइडची चाल बदलली की हाताला लागणारा धक्काही बदलतो.

हे सर्वाधिक जाणवते ते क्रीडा नेमबाजीत. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या प्रकारात सुवर्ण जिंकले, त्या २५ मीटर पिस्तुलात .२२ ची सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुले वापरतात. त्यातल्या जलद टप्प्यात प्रत्येक गोळीसाठी ३ सेकंद मिळतात आणि मधे ७ सेकंद हात खाली. .२२ च्या काडतुसात जोर मुळातच थोडा. त्यातला घर्षणाने फार खाल्ला तर स्लाइड पुरती मागे जात नाही आणि पिस्तूल अडते. ३ सेकंदांत ते दुरुस्त करायला वेळ कुठला?

उपाय स्वस्तापासून सुरू करावेत. पहिला, सफाई. जळलेल्या दारूची काजळी आणि वाळून चिकट झालेले तेल पुसून काढले की निम्मी तक्रार बऱ्याचदा तिथेच मिटते. दुसरा, वेढ्यांवर आणि गाइडवर ग्रीसचा अगदी पातळ हात. थापून लावलेले ग्रीस आवाज दाबते खरे, पण धूळ आणि काजळी धरून ठेवते. तिसरा, तारेचे टोक घासून गोलसर करणे आणि गाइड पॉलिश करणे. चौथा, स्प्रिंग बदलणे. ती खपणारी वस्तू आहे, आणि नव्या स्प्रिंगशेजारी धरल्यावर आखूड भरली तर तिचे दिवस भरले.

पूर्ण लांबीचा गाइड रॉड हा त्यापुढचा मार्ग. तो वेढ्यांना आतून आधार देतो आणि वाकणे आवरतो. मात्र तो खडबडीत असेल तर घासायला नवी जागा तेवढी मिळते. पुढच्या रचनाकारांनी हाच प्रश्न मुळातून हाताळला. ग्लॉकने प्लॅस्टिकच्या गाइडवर चपट्या तारेची स्प्रिंग बसवली. २०१० च्या सुमारास आलेल्या ग्लॉक पिस्तुलांच्या चौथ्या पिढीत एकात एक बसणाऱ्या दोन स्प्रिंगा आल्या. अशा जोडस्प्रिंगा सहसा उलटसुलट दिशांनी वळतात, नाहीतर एकीचे वेढे दुसरीत अडकतील. हेकलर अँड कॉखच्या यूएसपीत शेवटचा आघात झेलायला वेगळी दणकट बफर स्प्रिंगही आहे.

काही वाटांनी मात्र मुळीच जाऊ नये. आवाज कमी व्हावा म्हणून वेढे कापले तर स्प्रिंग मऊ होत नाही. सुरुवातीचा दाब घटतो आणि दर मिलिमीटरला वाढणारा ताण उलट जास्त होतो. जास्त पौंडांची स्प्रिंग घातली तर मागचा आपटीचा आवाज कमी होईल, पण स्लाइड पुढे जास्त जोराने आदळेल आणि हलक्या काडतुसांवर पुंगळी अडकेल. प्लॅस्टिकची बफर चकती धातूवर धातू आपटू देत नाही, पण स्लाइडची धाव तेवढी कमी करते आणि झिजली की तिचे तुकडे यंत्रात शिरतात. आपल्याकडे हे काम परवानाधारक आर्मररच्या देखरेखीखालीच व्हायला हवे.

दुरुस्ती झाली की पिस्तूल नेहमीच्या काडतुसांनी, रेंजवर, पुरेशा मॅगझिनी रिकाम्या होईपर्यंत तपासावे. प्रत्येक पुंगळी सुटते का, शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबते का, हे पाहावे. या परीक्षेत उतरलेल्या पिस्तुलात थोडी किणकिण उरली तरी ती राहू द्यावी. स्प्रिंग दाबली जाते, सुटते आणि थरथरते. तेवढा आवाज तिच्या कामाचाच भाग आहे. काढायचे असते ते फक्त घासणे.