गाडी दुकानदाराच्या अंगणात, नाव आपले

आडत म्हणजे काय, हे अर्धापूरच्या माणसाला शिकवावे लागत नाही. हळदीची पोती नांदेडला किंवा वसमतला आडत्याच्या दुकानी उतरवायची. जागा त्याची, माल आपला. सौदा झाला की वजन, भाव, हमाली, तोलाई सारे मांडलेली पट्टी घ्यायची, ती दोनदा वाचायची आणि एखाद्या आकड्यावरून तासभर हुज्जत घालायची. हाच चोखंदळ गृहस्थ जुनी जीप विकायला काढतो, तेव्हा मात्र किल्ली, आरसी बुक आणि कोऱ्या २९-३० फॉर्मांवरच्या सह्या दुकानदाराच्या हाती देऊन 'बघा, काय येते ते' म्हणत घरी येतो! हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

वास्तविक व्यवहार तोच. गाडी दुकानदाराच्या अंगणात उभी करायची, गिऱ्हाईक त्याने शोधायचे, दलाली कापून उरलेली रक्कम आपल्याला द्यायची. अमेरिकेत लोक चाकांवरची राहती घरेसुद्धा अशीच विकतात. ओळखीच्या माणसाशी घासाघीस करण्याचा संकोच वाचतो, हे खरेच. पण विकल्या पोत्यावर आपले नाव राहत नाही. एमएच-२६ च्या पाटीमागे ते राहते.

आमच्या परिचयाच्या एका काकूंची जीप विक्रीसाठी तीन महिने एका दुकानात उभी होती. म्हणजे काकूंची तशी समजूत होती. एके दिवशी ती त्यांना झेंडूच्या माळा लेवून नवरदेवासह वरातीत भेटली! त्यांना आधी हसू आले, मग घाम फुटला.

घाम रास्तच होता. २००७ साली एकाने मोटार विकली. ती पुढे हातोहात फिरली, पण दप्तरातले नाव त्याचेच राहिले. २००९ मध्ये तिच्या हातून अपघात घडला. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या त्या खटल्यात ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की नोंदणी ज्याच्या नावे, भरपाईच्या कामी मालक तोच.

१ एप्रिल २०२३ पासून यावर एक उपाय निघाला आहे. जुन्या गाड्यांच्या दुकानदाराने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचे आणि गाडी त्याच्या ताब्यात गेल्याची वर्दी नमुना २९सी मध्ये द्यायची. मग विक्री होईपर्यंत कायद्याच्या लेखी मालक तो. गाडी बाहेर काढायची ती गिऱ्हाइकाला चालवून दाखवायला, दुरुस्तीला वगैरे. आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची. वरात त्यात बसत नाही. तेव्हा आधी अधिकारपत्र पाहावे; दुकानाची पाटी कितीही झगझगीत असो.

पैशाचे म्हणाल, तर १८७२ चा करार कायदा अजून खणखणीत आहे. मागाल तेव्हा हिशेब देणे दलालाला भाग आहे. तुम्हाला अंधारात ठेवून त्याने गाडी स्वतःच घेतली आणि चढ्या दराने विकली, तर तो नफाही तुम्हाला मागता येतो. पण मागायला कागद हवा. किमान किंमत, दलाली, मुदत, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे, हे सारे त्यावर असावे. आणि विम्याची तारीख बघून ठेवावी. गाडी अंगणात उभी असली तरी ती सरतच असते.